माझ्याकडे तर चाललं!

सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक वाक्य असं आहे की ते उच्चारणाऱ्याकडून जागच्या जागी पन्नास रुपये दंड घ्यायला हवा. टेस्टिंगवाली मुलगी बग घेऊन डेस्कपाशी येते, स्क्रीनशॉट दाखवते, आणि आमचा डेव्हलपर खुर्चीतून न हलता म्हणतो, "माझ्या मशिनवर तर चालतंय!" झालं. जणू काही आता प्रत्येक ग्राहकाला ह्याचा लॅपटॉप कुरियरने पाठवायचाय.

(तो डेव्हलपर बऱ्याचदा मीच असतो, हे आधीच कबूल करून टाकतो.)

पण आज शनिवार आहे, ऑफिसबद्दल लिहायचं नाहीये. लिहायचंय ते ह्या वाक्याच्या जुळ्या भावाबद्दल. तो आम्हा स्केल मॉडेलवाल्यांत राहतो आणि त्याचं नाव आहे "माझ्याकडे तर चाललं!" ह्या भावाने माझे दोन महिन्यांचे सगळे वीकेंड आणि आता कुठेही न मिळणारं एक डेकल शीट खाल्लं. राग ओसरल्यावर लिहू म्हणून थांबलो होतो. ओसरला नाही. तेव्हा रागातच लिहितो.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून, घासून, रंगवून विमान, गाडी किंवा रणगाडा करायचा. त्यावरची चिन्हं, नंबर, बारीक अक्षरं रंगवत बसणं अशक्य, म्हणून ती डेकलच्या रूपात येतात. कागद पाण्यात बुडवायचा, वरची पातळ फिल्म सुटते, ती अलगद सरकवून मॉडेलवर बसवायची. मग सगळ्यावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक वॉर्निश. आणि ह्या शेवटच्या पायरीवर, जिथे काम ९५ टक्के झालेलं असतं, तिथेच माणसं रडतात.

माझं मॉडेल होतं मिग-२१. आजोबा ओझरला एचएएलच्या पेंट शॉपमध्ये होते. तो कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला तोच मुळी मिग-२१ बनवण्यासाठी. लहानपणी नाशिकला सुट्टीत गेलो की वरून विमान गेलं रे गेलं की आजोबा जेवता जेवता ताटावरून उठून अंगणात जायचे आणि आजी चिडायची. जुलै २०२५ मध्ये बातमी आली की हवाई दल मिग-२१ निवृत्त करणार, सप्टेंबरात. कपाटात दोन वर्षं १:४८ चं किट पडून होतं. जेमतेम फूटभर लांबीचं विमान. सोबत वेगळं मागवलेलं भारतीय खुणांचं शीट. केशरी-पांढरं-हिरवं गोल चिन्ह, शेपटीवरची तिरंगी पट्टी, 'सी'ने सुरू होणारे नंबर. मी ठरवलं, २६ सप्टेंबरला चंदीगडहून निरोपाचा कार्यक्रम टीव्हीवर लागेल तेव्हा हे मॉडेल आजोबांसमोर असायला हवं.

म्हणजे डेडलाइन आली. आणि डेडलाइन आली की माणूस काय करतो ते आपण सगळे जाणतो. टेस्टिंग उडवतो.

रविवार, २१ सप्टेंबर. सकाळी डेकल्स लावून झाले. सुरेख बसले होते. संध्याकाळी आमच्या मॉडेलवाल्यांतल्या एका ज्येष्ठ काकांना फोन केला. त्यांच्या शोकेसमधली मॉडेल्स बघून मी ह्या नादाला लागलो, एवढा त्यांचा मान. विचारलं, "काका, क्लिअर कुठला मारू?"

"अरे, गाडीचा लॅकर मार की. स्प्रे कॅन. काचेसारखं फिनिश येतं."

"डेकलना काही होणार नाही ना?"

"वीस वर्षं मारतोय रे मी. माझ्याकडे तर कधी काही झालं नाही. बिनधास्त मार."

मी बिनधास्त मारला. बाल्कनीत, बाहेर रिमझिम चालू असताना, जवळून, छान ओला हात. दहा सेकंद काचेसारखंच दिसलं. मग पंखावरच्या केशरी वर्तुळाला दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या आल्या. मग नंबराचा काळा रंग कडेने पसरला. मग सगळ्यावर पांढुरकं धुकं चढलं. मी कॅन हातात धरून नुसता बघत उभा.

आजीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "सर्वपित्री अमावास्येला कशाला घेतलंस ते काम?" काकांना सांगितलं तर म्हणाले, "डेकलच भिकार असणार." आणि थोड्या वेळाने, समजूत घालायला, "हात बसायला वेळ लागतो रे."

माझं भांडण ह्या तीन उत्तरांशी आहे. अमावास्या, भिकार डेकल आणि न बसलेला हात. तिन्हींचा अर्थ एकच: कारण शोधू नकोस. आजीचं मी सोडून देतो, तिने कधी स्प्रे कॅन हातात धरलेला नाही. पण उरलेली दोन उत्तरं ह्या नादात सर्रास दिली जातात आणि नवीन पोरं ती मुकाट्याने मान्य करतात.

तर कारण बघू. डेकल म्हणजे काय? खाली कागद, त्यावर पाण्यात विरघळणारा गोंद, त्यावर शाई, आणि हे सगळं एकत्र धरून ठेवणारी पारदर्शक फिल्म. ही फिल्म म्हणजे लॅकरचाच अतिशय पातळ थर. आणि गाडीच्या लॅकरमध्ये काय असतं? रेझिन, आणि ते पातळ करणारी अ‍ॅसिटोन, टोल्युइन, झायलीन, ब्युटाइल अ‍ॅसिटेट असली मंडळी, कमी-जास्त प्रमाणात. ह्यांचं कामच लॅकर विरघळवणं. म्हणजे ओला हात मारून मी डेकलवर संरक्षण घातलं नाही, डेकल थिनरमध्ये बुडवला. फिल्म मऊ झाली, फुगली, पसरायला जागा नाही म्हणून सुरकुतली. ह्यात नशीब कुठे आहे? बाराव्वीच्या रसायनशास्त्रातलं "लाइक डिझॉल्व्ह्ज लाइक" आहे हे.

गंमत म्हणजे हेच तत्त्व आपण मुद्दाम वापरतो. डेकल पॅनेलच्या रेघांमध्ये नीट बसावा म्हणून जे सॉफ्टनर लावतो, मायक्रो सोल किंवा मिस्टर मार्क सॉफ्टर, ते हेच करतं. फिल्म मऊ करतं, डेकल क्षणभर सुरकुततो, आणि हात न लावता सोडून दिला तर सुकताना ताणून सपाट बसतो. फरक फक्त मात्रेचा. तिथे थेंब असतो, मी बादली ओतली.

आणि ते पांढरं धुकं? थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतलं बाष्प त्यावर धरतं आणि लॅकरमध्ये अडकतं. पावसाळ्यात गॅरेजवाल्यालाही हे माहीत असतं. पुण्यात रिमझिम चालू असताना बाल्कनीत लॅकर मारणाऱ्या इंजिनियरला माहीत नव्हतं. फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. :)

आता काकांच्या "वीस वर्षां"कडे येतो, कारण खरा मुद्दा तिथे आहे. काका खोटं बोलत नव्हते. त्यांच्याकडे खरंच कधी काही झालेलं नाही. दिवाळीनंतर मी त्यांच्या घरी गेलो आणि पाऊण दिवस बसून ते काय करतात ते नुसतं बघितलं. जे दिसलं ते असं:

एक, काका गाड्या बनवतात. त्यांचे डेकल्स किटमधलेच, जाड फिल्मचे. माझं शीट तिसऱ्याच कंपनीचं, कागदापेक्षा पातळ.

दोन, काका फक्त रविवारी काम करतात. म्हणजे त्यांच्या डेकलना आपोआप सात दिवस सुकायला मिळतात. मी आठ तास दिले होते.

तीन, काका कॅन आधी कोमट पाण्यात ठेवतात. दाब वाढतो, फवारा बारीक होतो.

चार, काका मॉडेलपासून हातभर लांबून, कॅन सतत हलता ठेवून, पहिले दोन-तीन हात असे मारतात की पृष्ठभाग ओला दिसतच नाही, नुसता धुरळा बसतो. तो सुकला की पुढचा. ओला हात सगळ्यात शेवटी.

पाच, पावसाळ्यात काका क्लिअर मारतच नाहीत. "चिकट राहतं रे," एवढंच कारण त्यांना ठाऊक.

मी म्हटलं, "काका, हे सगळं मला फोनवर का नाही सांगितलंत?"

काका खरोखर गोंधळले. "ह्यात काय सांगायचंय? असंच तर मारतात."

बघा! ह्यालाच आमच्याकडे न लिहिलेल्या डिपेंडन्सीज म्हणतात. प्रोग्रॅम तुमच्या मशिनवर चालतो कारण तिथे पाच गोष्टी आधीच बसवलेल्या आहेत, आणि त्या बसवल्याचं तुम्ही विसरून गेला आहात. काकांच्या वाक्यातलं "माझ्याकडे" हेच सगळं काही होतं. मी फक्त "चाललं" ऐकलं.

म्हणून माझं म्हणणं असं: ज्या अनुभवाला आपल्या अटी सांगता येत नाहीत, तो अनुभव असेल, सल्ला नव्हे. "लॅकर चालतो" हे वाक्य चूक नाही, अर्धवट आहे. आणि अर्धवट वाक्य चुकीपेक्षा धोकादायक, कारण ते सांगणाऱ्याच्या शोकेसमध्ये त्याचा पुरावा लखलखत असतो. त्याच न्यायाने "लॅकर कधीच मारू नये, डेकलची वाट लागते" हेही तितकंच अर्धवट. तेही कुणाच्या तरी एका फसलेल्या रविवारवरून आलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, मग क्लिअर मारायचाच कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की डेकल उघडा ठेवला तर त्याची चकाकी आजूबाजूच्या रंगापेक्षा वेगळी दिसते, फिल्मची कड दिसते, हाताळताना कोपरे उचलतात. आणि वरून टर्पेंटाइनमधला वॉश देऊन रेघा काढायच्या असतील तर मध्ये एक थर हवाच. क्लिअर हवा. प्रश्न कुठला आणि कसा एवढाच.

मग पाण्यातला अ‍ॅक्रिलिक वापर की, संपलं? बऱ्याच अंशी हो. पाण्यावरचं वॉर्निश डेकलच्या फिल्मला सहसा त्रास देत नाही, वास कमी, घरात मारता येतं. पण लॅकरसारखं कठीण होत नाही, पॉलिश करायला घेतलं तर मऊ लागतं. टामिया एक्स-२२ हा मधला मार्ग, पण पातळ कशाने करता त्यावर तो सौम्य की जहाल ते ठरतं. त्याच बाटलीत लॅकर थिनर घातला की स्वभाव बदलतो, आणि बाटलीवरचं नाव तेच राहतं! हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर तर त्यात अजिबात नको.

आणखी एक लाडकी युक्ती म्हणजे "आधी पाण्यातला थर दे, मग वर लॅकर मार, डेकल सुरक्षित." नेहमी नाही हो. वरचा जहाल लॅकर खालच्या मऊ थरात शिरतो आणि कधी कधी त्यालाच तडे पाडतो. डेकल वाचतो, वर वाळक्या तळ्यासारखी नक्षी येते. सौम्यावर जहाल मारताना पहिले हात कोरडेच लागतात. म्हणजे फिरून तिथेच आलो.

डेंटिंग-पेंटिंगवाले वापरतात तो हार्डनरचा टू-के क्लिअर अप्रतिम चमकतो हे मान्य. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फुफ्फुसांना घातक आहे. फ्लॅटच्या बाल्कनीत, कापडी मास्क बांधून, शेजारच्या बाळाचे कपडे वाळत असताना तो मारणाऱ्याशी मला डेकलबद्दल बोलायचंच नाही.

"पण टेस्ट करायला डेकल आणू कुठून? शीट एकच असतं." हा आक्षेप मला सगळ्यात आवडतो, कारण मीही स्वतःला हेच सांगितलं होतं. जरा शीट उचलून बघा. कोपऱ्यात कंपनीचं नाव असतं, शीटचा नंबर असतो. तेही त्याच शाईत, त्याच फिल्मवर छापलेलं! प्रत्येक शीटबरोबर फुकटात मिळणारा टेस्ट पीस, आणि आपण तो कचऱ्यात टाकतो. शिवाय न वापरलेले नंबर उरतात ते वेगळेच. प्लॅस्टिकचा जुना चमचा घ्या, मॉडेलवर जो रंग आहे तोच त्याला द्या, त्यावर ते नाव चिकटवा, जे सॉफ्टनर वापरणार तेच लावा, जेवढं सुकवणार तेवढंच सुकवा आणि मग जो क्लिअर ज्या अंतरावरून मारणार तो तसाच मारा. एक चमचा, एक दिवस. बस्स. शीट जुनं असेल तर हे दुप्पट गरजेचं. कारण जुनी फिल्म पाण्यातच तुकडे होऊन सुटू शकते, आणि ते विमानावर कळण्यापेक्षा चमच्यावर कळलेलं बरं.

बाकी गोष्टी चमचाही सांगणार नाही, त्या पाळायच्या. डेकल चकचकीत पृष्ठभागावरच लावा. खरखरीत रंगावर लावला तर खाली हवा अडकते आणि चंदेरी चट्टा दिसतो, तो वरच्या क्लिअरने जात नाही, उलट कायमचा बंद होतो. बसल्यावर ओल्या मऊ कापडाने बाजूचा गोंद आणि सॉफ्टनरचे डाग टिपून घ्या. किमान २४ तास सुकू द्या, पावसाळ्यात ४८. खालचं पाणी गेलं नसेल तर क्लिअरखाली फोड येतो. आणि नंतर पॉलिश करताना डेकलच्या कडेवर पॉलिशपेपर जपून. तिथला थर उंच असतो, तोच आधी घासला जातो.

"अरे, नाद आहे हा, ऑफिस नव्हे. रविवारी पण प्रोसेस?" हेही ऐकून झालंय. मला वाटतं उलट आहे. ऑफिसात चूक झाली तर आदल्या व्हर्जनवर परत जाता येतं. पंखावर साय धरली की कुठल्या व्हर्जनवर जाणार?

२५ तारखेच्या रात्री ते खराब झालेलं मॉडेल डब्यात घालून नाशिकला गेलो. खोटं कशाला सांगू, डबा उघडायची लाज वाटत होती. आजोबांना आता नीट दिसत नाही. त्यांनी पंखावरून अंगठा फिरवला. सुरकुत्यांवर थांबले.

"वरून काय मारलंस?"

"लॅकर."

"टेस्ट पॅनेल?"

मी गप्प. आजोबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्याकडे नवीन डबा उघडला की आधी पत्र्याच्या तुकड्यावर मारायचो. तुकडा सुकेपर्यंत विमानाला हात नाही. मग साहेब किती का ओरडेना." आणि अंगठा पुन्हा त्याच जागी नेऊन, "तुला घाई कसली होती?"

तुमच्यासाठीच होती, हे काही मला बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर निरोप बघितला. १९६३ पासूनचा प्रवास, निवेदक सांगत होता. आजोबा बघण्यापेक्षा ऐकतच होते. सुरकुतलेलं मिग टीपॉयवर.

नंतर मी तो थर घासून काढला, पुन्हा चंदेरी रंग दिला. ते शीट परत मिळालंच नाही. गोल चिन्हं मास्किंग टेपची वर्तुळं कापून रंगवली, नंबरही स्टेन्सिलने. पहिल्या प्रयत्नात हिरवं वर्तुळ केसभर सरकलं, पुन्हा केलं. बारीक अक्षरांचे दोनच डेकल्स जुन्या शीटवर उरले होते, ते लावले. क्लिअर मारण्याआधी तीन चमचे खराब केले. ते तीन चमचे आता माझ्या टेबलावर पेल्यात उभे आहेत, प्रत्येकाच्या दांड्यावर तारीख, क्लिअरचं नाव, अंतर आणि सुकवलेले तास लिहिलेले. मॉडेल नाशिकला आहे.

काकांशी माझं भांडण नाही. त्यांनी परवाच कुणाला तरी फोनवर सांगताना मी ऐकलं, "लॅकर मार, पण आधी सांग, डेकल लावून किती दिवस झाले?" पुढचे चार प्रश्न विसरले. पण एक विचारला.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणी म्हणालं की "माझ्याकडे तर चाललं", तर मान डोलवू नका. विचारा: डेकल कुठला, किती तास सुकवला, पातळ कशाने केलं, किती लांबून मारला, हवा कशी होती. उत्तरं आली तर तो सल्ला. नाही आली तर पन्नास रुपये दंड.

असो. बाहेर ऊन पडलंय. चौथा चमचा सुकला असेल.